शेतावरून मोठी वीजवाहिनी जाणार असेल तर

(भाषणाचा मजकूर)



रब्बीची ज्वारी पाण्यावर आली, बटण दाबलं आणि मोटार नुसती गुरगुरून थांबली, हा अनुभव बार्शी भागात पुष्कळांना आहे. आपण म्हणतो, डीपी बिघडला. कधी ते खरंही असतं. पण कधी दोष त्याच्याही मागे असतो. उपकेंद्राला वीज आणून देणारी मोठी वाहिनीच वाढलेल्या भाराला पुरी पडत नाही.

आपल्या बार्शी लाइट रेल्वेचंच उदाहरण घ्या. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांवरची गाडी सुरू झाली. तिनं शंभरावर वर्षं काम केलं, पण अखेर २००८ पर्यंत रूळ रुंद करावेच लागले. वीजवाहिनीचंही तसंच आहे.

आपला मुलूख तर मोठ्या वाहिन्यांच्या वाटेवरच आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारत देशाच्या बाकीच्या वीजजाळ्याला जोडला गेला. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात कळंबकडे पवनचक्क्यांची वीज गोळा करणारं ४०० केव्हीचं केंद्र झालं आहे. तेव्हा मोजणीची माणसं उद्या तुमच्याही बांधावर येऊ शकतात.

काम कोणतं, हे आधी विचारा

जुन्या मनोऱ्यांवर फक्त जाड किंवा जास्त भाराच्या तारा चढवायच्या आहेत, की नवे मनोरे उभे राहणार आहेत? पहिल्या कामात नवी जागा जात नाही, पण तारा ओढताना पीक तुडवलं जातं. दुसऱ्या कामात मनोऱ्याची जागा अडते आणि तारांखालच्या पट्ट्यावर कायमचं बंधन येतं. हा पट्टा १३२ केव्हीला साधारण २७ मीटर आणि २२० केव्हीला ३५ मीटर रुंद धरतात.

बोलायची वेळ मोजणीची

वाहिनीची जाहिरात निघते, त्यात गावांची नावं असतात. दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. विहीर, बोअर, पाइपलाइन, सीताफळाची किंवा द्राक्षाची बाग कुठे आहे, ते गट नंबरासह नकाशावर दाखवा. मनोरा दहा-वीस मीटर सरकवून बांधाला घेता येतो का, हे मोजणीच्या वेळीच विचारता येतं. पाया भरल्यावर ते होत नाही.

जमीन तुमचीच राहते

सरकारनं वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली अधिकार दिले असतील, तर वाहिनी टाकणाऱ्याला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार मिळतात. त्यात जमिनीची मालकी जात नाही, मिळतो तो फक्त वापराचा हक्क. मात्र नुकसान कमीत कमी करणं आणि झालेल्याची पूर्ण भरपाई देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. कामाला अडवणूक झाली तर जिल्हाधिकारी परवानगी देऊ शकतात. भरपाई अपुरी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. म्हणून नुसतं काम अडवण्यापेक्षा कागद पक्का करणं फायद्याचं.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या १४ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ६६ केव्ही आणि वरच्या वाहिन्यांसाठी मनोऱ्याच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के भरपाई सुचवली आहे. पिकाची आणि झाडांची भरपाई त्याहून वेगळी. पण अशा सूचना राज्यानं आपल्या निर्णयानं लागू करायच्या असतात. तेव्हा आपल्या कामाला कोणता शासन निर्णय आणि कोणता दर लागतो, हे प्रांत कार्यालयात लेखी विचारा.

नुकसान तीनदा होतं

एकदा पाया खोदताना, दुसऱ्यांदा मनोरा उभारताना आणि तिसऱ्यांदा तारा ओढताना. पुष्कळ जण पहिल्या पंचनाम्यावर समाधान मानतात आणि पुढचं नुकसान पदरात पडतं. प्रत्येक वेळी पंचनामा मागा. पायाच्या खड्ड्यातली वरची काळी माती वेगळी ठेवायला सांगा. खालचा मुरूम काळीवर पसरला, तर ती जागा लवकर पिकत नाही. मोडलेले बांध आणि चर पावसाळ्याआधी नीट करून घ्या.

तारांखाली ज्वारी, तूर, सोयाबीन, कांदा घेता येतो. घर, गोठा, उंच वाढणारी झाडं आणि कडब्याची गंज मात्र नको. तिथं पाचट पेटवू नका, तुषार सिंचनाचे पाइप उभे धरू नका. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका आणि कुणाला जाऊ देऊ नका.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. सातबारावर पीक, झाडं, विहीर यांच्या नोंदी आजच तपासा. ई-पीक पाहणी चुकवू नका.
२. काम सुरू होण्याआधी रानाचे फोटो तारखेसह काढून ठेवा.
३. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. पंचनामा वाचून घ्या आणि त्याची प्रत मागा.
४. वाटेकरी किंवा खंडकरी असेल, तर पिकाची भरपाई कुणाची, हे आधीच लिहून ठेवा.
५. एकट्यानं न जाता त्या वाहिनीखालच्या सगळ्या गटधारकांनी मिळून अर्ज करा.

वीज तर आपल्याला हवीच आहे. ती येताना आपल्या रानाचा हिशेब चोख राहावा, एवढी काळजी आपण घ्यायची.