हाताचा डॉक्टर कसा घडतो?

आज सकाळपासून आपल्या हातांनी काय काय केलं, ते जरा आठवा. धार काढली, भाकरी थापली, लेकीची वेणी घातली, खुरपं धरलं. हात चालतोय तोवर त्याची आठवण होत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंचं बोट कडबाकुट्टीत तुटलं. आम्ही घाबरून जखमेवर हळद भरली, तुटलेलं बोट तसंच बर्फात टाकलं. दवाखान्यात कळलं, की बोट जोडणारा डॉक्टर वेगळा असतो आणि तो तिथे नाही. मोठ्या शहरात पोचेपर्यंत वेळ निघून गेली होती. तेव्हापासून आम्हाला प्रश्न पडला, हा हाताचा डॉक्टर घडतो तरी कसा?

एका हातात २७ हाडं असतात. शिवाय बोटं हलवणाऱ्या दोऱ्या, नसा आणि बारीक रक्तवाहिन्या. त्या सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्यानं शिवायच्या. म्हणून हाडांचं किंवा प्लास्टिक सर्जरीचं शिक्षण झाल्यावर हातासाठी पुन्हा वेगळं शिकावं लागतं. अमेरिकेत हाडांच्या शस्त्रक्रियेची ५ वर्षं झाली, की हाताचं १ वर्ष. त्याला फेलोशिप म्हणतात.

आता कोण कुठे शिकणार, हे कसं ठरतं? पूर्वी तिथली रुग्णालयं नव्या डॉक्टरांना शिक्षण संपायच्या कितीतरी आधीच अडवून ठेवत. "आत्ताच हो म्हण, नाहीतर जागा गेली." म्हणून १९५२ मध्ये जुळणीची पद्धत आली. पुढे हाताच्या फेलोशिपच्या जागाही अशाच भरू लागल्या. डॉक्टर आपल्या पसंतीची यादी क्रमानं देतो, रुग्णालयही देतं. संगणक दोन्ही याद्या जुळवतो. पहिल्या पसंतीच्या जागी नाव तात्पुरतं धरलं जातं. तिथे रुग्णालयाला जास्त पसंत असलेला कुणी आला, तर आधीचा आपल्या पुढच्या पसंतीकडे जातो. शेवटपर्यंत कुणाची जागा पक्की नसते, त्यामुळे मनातला खरा क्रम लिहिण्यात तोटा नसतो.

ऐकून स्थळं जुळवल्यासारखं वाटलं ना? १९६२ साली गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी याच विषयावर निबंध लिहिला, त्यात उदाहरण लग्नांचंच होतं! २०१२ मध्ये शॅप्ली आणि रॉथ यांना या कामासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

या जुळणीत काही गोष्टी ठळक दिसतात. जागा घेणाऱ्यांत हाडांचे डॉक्टर जास्त, प्लास्टिक सर्जन कमी. कोरोनानंतर मुलाखती संगणकावर होऊ लागल्या, गावोगाव विमानानं फिरण्याचा खर्च वाचला. आणि हाडांच्या शस्त्रक्रियेत बायका अजून थोड्याच असल्या, तरी त्यांतल्या बऱ्याच जणी हाताची शाखा निवडतात.

आपल्या देशातही ही विद्या जुनी आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी कुष्ठरोगानं वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. चेन्नईचं स्टॅनली वैद्यकीय महाविद्यालय आणि कोइंबतूरचं गंगा हॉस्पिटल इथे आज हाताचे डॉक्टर तयार होतात.

पण इतकं शिकलेल्या डॉक्टरच्या हाती आपण काय देतो, तेही महत्त्वाचं. बोट तुटलं, तर जखमेवर स्वच्छ फडकं दाबून धरा, हात उंच ठेवा. हळद, चुना, काही लावू नका. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोटाला बर्फ थेट लागू देऊ नका. १०८ ला फोन करा.

आणि एक काम आजच. आपल्या जिल्ह्यात बोट जोडणारा डॉक्टर कुठल्या दवाखान्यात आहे, ते आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यात विचारा. तो नंबर कडबाकुट्टीच्या शेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. आम्ही लिहिलाय. त्या ताईंनीच, उरलेल्या चार बोटांनी खडू धरून लिहिला.