कर्करोगावरील उपचार-चाचण्या आणि आपली सही



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, करारांचे मसुदे वाचता वाचता. तेव्हा कर्करोगासारख्या विषयावर आम्ही बोलायला उभे राहावे याचे कोणाला नवल वाटले, तर ते रास्तच आहे. आम्ही डॉक्टरांच्या वतीने बोलत नाही. ज्याच्यापुढे कागद ठेवून ‘इथे सही करा’ असे सांगतात, त्याच्या वतीने बोलतो आहोत.

कोल्हापूरहून रात्री सुटणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा करीत सकाळी मुंबईला पोहोचते. त्या गाडीत एक-दोन तरी माणसे अशी असतातच, की ज्यांनी फायलींची पिशवी उशाला न घेता छातीशी धरलेली असते. ती माणसे परळला चाललेली असतात. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. त्याच्या भोवती पूर्वी गिरण्या होत्या, आणि त्या गिरण्यांत आपल्याच सातारा-सांगलीकडचे वडीलधारे साचे चालवीत होते. गिरण्या गेल्या, पण आपली माणसे अजून त्याच रस्त्याने जातात. कोणी नातेवाइकाच्या खोलीत उतरतो, कोणी दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत.

अशा माणसाला एखादे दिवशी डॉक्टर सांगतात, “तुमच्या आजारावर एक ट्रायल चालू आहे. त्यात यायचे का?” आज आम्हांला बोलायचे आहे ते या प्रश्नाविषयी.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी सांगलीच्या हळदीच्या पेठेत पोती वाहणारा आमच्या युनियनचा एक हमाल होता. गालात तंबाखूची गोळी नाही असा त्याचा एक तास जात नसे. जिभेच्या कडेला जखम झाली, ती भरेना. एका मोठ्या शहरातील रुग्णालयात त्याची शस्त्रक्रिया ठरली आणि पुढे एका औषधाच्या चाचणीत येण्याविषयी विचारणा झाली. तो आम्हांला विचारायला आला. आम्ही ताडकन् म्हणालो, “गरिबाच्या देहावर प्रयोग चालू द्यायचे नाहीत. सही करू नकोस.”

त्याने केली नाही. रुग्णालयाने नेहमीचे उपचार दिले, त्यात काही कसूर केली नाही. चाचणीत असता तर ठरल्या दिवशी बोलावणे आले असते आणि भाडे मिळाले असते. बाहेर राहिल्यावर ‘दोन महिन्यांनी दाखवा’ एवढेच सांगणे उरले. एक खेप म्हणजे दोन दिवसांची हमाली बुडणार. तो गेला नाही. दहा महिन्यांनी मानेत गाठ आली, तेव्हा उशीर झाला होता. तो गेल्यावर त्याच्या घरी गेलो, तर त्याची बायको म्हणाली, “अण्णा, त्या कागदात होतं तरी काय?”

आम्हांला उत्तर देता आले नाही, कारण आम्ही तो कागद वाचलाच नव्हता. चाचणीत गेला असता तर तो जगला असता, असे आम्ही म्हणत नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. परंतु मालकाने पुढे केलेला करार न वाचता आम्ही कधी फेटाळला नव्हता, आणि हा मात्र फेटाळला. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचीत आलो.

चाचणी म्हणजे काय? दोन उपचारांपैकी चांगला कोणता याविषयी जाणत्या डॉक्टरांतच खरोखर दुमत असते. अशा वेळी रोग्यांचे दोन गट करतात आणि कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवतात. चिठ्ठी म्हटली की आपण बिचकतो. आयुष्याचा काय जुगार आहे? पण डॉक्टरांनी निवड केली तर धडधाकट रोगी एका बाजूला जातील आणि खंगलेले दुसऱ्या, मग तुलना खोटी ठरेल. वशिला चालू नये म्हणून चिठ्ठी. कामगारांना हे तत्त्व पटायला हरकत नसावी.

मानेतील त्या गाठीचाच प्रश्न घ्या. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला आणि मानेतील ग्रंथी निर्दोष दिसल्या, तर त्या तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावे? सर्जन मंडळी यावर अनेक वर्षे वाद घालीत होती. टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रोग्यांना घेऊन याची चाचणी केली. डॉक्टरांहून वेगळी अशी एक समिती मधूनमधून आकडे तपासत होती. फरक स्पष्ट दिसताच नवे रोगी घेणे थांबवण्याचा सल्ला तिनेच दिला. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी शेकडा ८० हयात होते, थांबलेल्यांपैकी शेकडा ६७.५. म्हणजे दर आठ रोग्यांमागे एक जीव. हे उत्तर परदेशातून आले नाही. आपल्याकडच्या माणसांनी आपल्या देहाने दिले, आणि आता जगभरचे सर्जन ते मानतात.

दुसरे असे की, काही प्रश्न कोणतीही कंपनी विचारणार नाही, कारण त्यांत तिला नफा नाही. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे तिच्याभोवती बधिरतेचे साधे इंजेक्शन दिले तर काय होते? दात काढताना देतात त्याच जातीचे हे स्वस्त औषध. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने देशातील ११ केंद्रांवर सुमारे १६०० स्त्रियांत हे तपासले गेले. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्यांपैकी शेकडा ९०.१ हयात होत्या, न दिलेल्यांपैकी शेकडा ८६.४. तसेच निव्होलुमॅब नावाचे अतिशय महाग औषध. त्याच्या नेहमीच्या मात्रेच्या एक दशांशाहूनही कमी मात्रा डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगात नेहमीच्या औषधांना जोडून टाटामध्ये १५१ रोग्यांत तपासली. २०२२ साली आलेल्या निकालात वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १६.३ वरून ४३.४ वर गेले. गरिबाला परवडेल असा उपचार हवा असेल, तर गरिबाच्या सोयीचा प्रश्न कोणीतरी विचारला पाहिजे. तो चाचणीतूनच विचारला जातो.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, आमचे मतपरिवर्तन झाले. तसे नाही. नाण्याची दुसरी बाजूही पाहू.

१९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १,५१,५३८ स्त्रियांची एक मोठी चाचणी केली. निम्म्या वस्त्यांत, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि नंतर शिकवून तयार केलेल्या सेविकांनी, पातळ व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची दर दोन वर्षांनी तपासणी केली. उरलेल्या वस्त्यांत कर्करोगाची माहिती सांगितली, तपासणी केली नाही. बारा वर्षांनी तपासणीच्या गटात या रोगाचे मृत्यू शेकडा ३१ नी कमी भरले. निकाल मोठाच. पण यावर जाणकारांत वाद झाला. टीकाकार म्हणाले, तपासणीने जीव वाचतात हे ठाऊक असताना दुसऱ्या गटाला वंचित का ठेवले? चाचणीकर्ते म्हणाले, तेव्हा देशात अशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती, आणि ही साधी रीत उपयोगी पडते की नाही हे तुलनेशिवाय कळले नसते.

आम्ही दोन्ही बाजू वाचल्या. आमच्या मते प्रश्न विचारणे योग्य होते, पण विचारताच एक ऋण अंगावर आले. तपासणीविना राहिलेल्या बायकांमध्ये आपल्याच तालुक्यांतून गेलेल्या लेकीसुना नसतील कशावरून? त्यांच्या मरणाच्या तुलनेतून जे कळले, ते गावोगाव पोहोचले तरच ते ऋण फिटते. २०१६ साली केंद्र सरकारने तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तीस वर्षांवरील सर्वांच्या तपासणीची कार्यपद्धती ठरवून दिली, आणि तीत ही व्हिनेगरची रीत आहे. जत, आटपाडी, माण, पाटण येथल्या आरोग्य केंद्रांत ती तपासणी कोणत्या दिवशी होते, हे आपल्यापैकी किती जणांनी जाऊन विचारले? मागितल्याविना हक्क मिळत नाही, हे युनियनचे पहिले सूत्र आहे.

आता सहीविषयी. २००९ पासून प्रत्येक औषध-चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत सक्तीची आहे. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळाली पाहिजे. मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. संमतिपत्र रोग्याला समजेल अशा भाषेत हवे. वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार हवा. केव्हाही बाहेर पडता येते, आणि पडल्याने नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

म्हणून सहीपूर्वी पाच गोष्टी विचारा. यात नेमके काय तपासले जाते आहे? मी आलो नाही तर मला काय मिळेल? खेपा किती आणि भाडे कोण देणार? काही बिघडले तर रात्री फोन कोणाला करायचा? चाचणी संपल्यावर औषध चालू राहील का, आणि निकाल मला कळवाल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल, त्याच्या कागदावर सही करण्याची घाई नको. कागद घरी आणा, शिकलेल्या पोराकडून मोठ्याने वाचून घ्या. युनियनच्या कचेरीत आणलात तर आम्ही वाचून दाखवू. मात्र सही करावी की नाही, हे आम्ही सांगणार नाही. तो धडा आम्ही फार महागात शिकलो आहोत.

करार करणारे दोघेही उभे असावे लागतात. खाटेवर पडलेला माणूस उभा राहू शकत नाही, तेव्हा त्याच्या बाजूला जाणते कोणी बसले पाहिजे. ते आपल्यापैकी कोणी असावे, एवढीच आमची विनंती आहे. त्या माउलीच्या प्रश्नाला आम्ही वीस वर्षांपूर्वी उत्तर देऊ शकलो नाही. आपल्यावर ती पाळी येऊ नये.