कोरफडीची तहान
कुंडीतली झाडं पाण्यावाचून मरतात, असं आपण मानतो. कोरफड, पानफुटी, निवडुंग मात्र बहुधा पाण्यानंच मरतात. त्यांच्या जाड पानाखोडांत पाण्याचा साठा असतो. मुळं सतत ओली राहिली की कुजतात. आईनं माहेरून आणलेली कोरफड मी तिच्यामागे अशीच, रोज तांब्याभर पाणी ओतून घालवली. मायेनंच! तगलेलं एक पिल्लू दोन दिवस सावलीत ठेवलं, जखम सुकल्यावर निम्मी जाड वाळू मिसळलेल्या मातीत लावलं. कुंडीला खाली भोक हवंच. माती आतपर्यंत कोरडी झाली, तरच पाणी द्यावं. पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्यावी. आज त्या पिल्लाला पाच पिल्लं आहेत. माया करावी, पण झाडाची तहान ओळखून.