स्त्रीचा आवाज आणि सभेची सवय

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मराठी स्त्री मुकी कधीच नव्हती. पहाटे जात्यावर बसली की तिच्या ओवीला खळ नसे. मंगळागौरीच्या रात्री तिच्या गाण्यांनी वाडा जागा राहत असे, आणि लग्नकार्यात तिने घेतलेल्या उखाण्याचे चारचौघांत कौतुक होई. मात्र माजघरात जो आवाज गोड वाटे, तोच ओटीवर आला की आगाऊ ठरे. बाईमाणसाने पुरुषांच्या बैठकीत बोलू नये, ही शिकवण मुलीला इतक्या लहानपणी मिळे की पुढे ती तिला आपला स्वभावच वाटू लागे. विनय म्हणून जिचा गौरव झाला, ती पुष्कळदा अशी शिकवलेली लाज होती. शिकवलेली गोष्ट विसरताही येते. मराठी स्त्रियांनी ती कशी विसरली आणि त्यासाठी काय मोल दिले, याचे स्मरण ग्रंथालयाच्या शताब्दीत करणे उचित ठरेल.

१८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मुक्ता तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. जिच्या जातीला आणि स्त्रीत्वाला, दोन्हींना गप्प बसण्याची आज्ञा होती, तिने धर्मालाच प्रश्न विचारले. पुढे १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ प्रसिद्ध केली. सुरतेच्या एका विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीला दूषणे दिली जात होती. त्यांना ताराबाईंनी तिखट भाषेत उत्तर दिले. या पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, पण त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही. मूळ पुस्तकही विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा मधे ९३ वर्षे उलटली होती.

उघड बोलण्याची ही किंमत पाहता अनेकींनी पडद्याआडून बोलण्याचा मार्ग पत्करला, यात नवल नाही. रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली ती ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने. १८८७ मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा निर्णय दिला, तेव्हा तुरुंग पत्करण्याची तयारी त्यांनी उघडपणे दाखवली. पुढे त्या विलायतेत वैद्यक शिकल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी डॉक्टर म्हणून दीर्घकाळ सेवा केली. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ने मराठी वाचकांत खळबळ उडवली, तेव्हाही मुखपृष्ठावर विभावरी शिरूरकर हे टोपणनाव होते, त्यामागे मालतीबाई बेडेकर उभ्या होत्या. टोपणनावाला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. परंतु आधी शब्द बाहेर पडला, मग नाव बाहेर आले, हा क्रम ज्यांनी चालून दाखवला त्यांनी मागून येणाऱ्यांची वाट सोपी केली.

लिहिण्यापेक्षा सभेत उभे राहून बोलणे अधिक अवघड. रमाबाई रानडे यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्या रानड्यांच्या घरात आल्या आणि पतीच्या आग्रहाने शिकू लागल्या. या शिक्षणापायी घरातल्याच वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे त्यांना वर्षानुवर्षे ऐकावे लागले. पुण्यात मुलींच्या हायस्कूलची मागणी पुढे आली तेव्हा गव्हर्नरांसमोर भरसभेत त्यांनी इंग्रजी निवेदन वाचून दाखवले. त्या प्रसंगाचे आणि त्यापायी सोसलेल्या बोलण्याचे मोल त्यांच्या १९१० च्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचल्यावरच कळते. लाजेचे पहारेकरी नेहमी पुरुषच असतात असे नाही. ज्यांना स्वतःला गप्प बसवले गेले, त्याच पुढे पहारा करू लागतात.

ती मागणी वाया गेली नाही. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागा शाळा सुरू झाली. त्या शाळेत शिकलेल्या मुलींपैकी एक कुसुमावती देशपांडे. नागपुरात त्यांनी इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन केले, कथा लिहिल्या, आणि ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हा समीक्षाग्रंथ दिला. १९६१ साली याच ग्वाल्हेर नगरीत मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदावर कुसुमावतीबाई होत्या. संमेलनाची परंपरा १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाली होती. त्या आसनावर पहिली स्त्री बसायला ८३ वर्षे लागली, आणि ती बसली महाराष्ट्राबाहेर, या मराठी वस्तीत. ग्वाल्हेरकरांनी याचा अभिमान जरूर बाळगावा.

पुढे १९७५ मध्ये कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या. आणीबाणीचे दिवस होते. भलेभले शब्द गिळत होते. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. आयुष्याचा मोठा भाग ग्रंथालयात, पुस्तकांच्या सोबतीने घालवलेल्या या विदुषीला पुढच्या वर्षी तुरुंगवास घडला. ग्रंथालयातील शांततेने त्यांना मौन शिकवले नव्हते. काय बोलायचे ते त्या शांततेत त्यांनी पक्के केले होते.

या साऱ्यानंतर प्रश्न सुटला असे मानण्याचे कारण नाही. २०२५ च्या दिल्ली संमेलनापर्यंत ९८ संमेलने झाली. त्यांच्या अध्यक्षपदी सहा स्त्रिया आल्या. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शान्ता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर, ही ती सहा नावे. गावोगावच्या सभांतही कार्यक्रमपत्रिका पाहावी. ईशस्तवन, पाहुण्यांना पुष्पगुच्छ आणि आभारप्रदर्शन यांपुढे भगिनींची नावे असतात. विषय मांडणाऱ्याचे नाव बहुधा दुसरेच असते. व्याख्यान संपल्यावर ‘काही प्रश्न?’ असे विचारले जाते, तेव्हा मागच्या रांगेतील एखादी वाचक मनात प्रश्न जुळवत असते. तो जुळेपर्यंत पुढच्या रांगेतले दोन गृहस्थ बोलून जातात. अशा वेळी बाई बोलतच नाहीत, असा निष्कर्ष काढणे सोयीचे असते.

बोलणाऱ्याला धैर्य लागते, तसे ऐकणाऱ्याला थांबणे लागते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी कोणीतरी कान देऊन ऐकली, वहीत उतरवली आणि सोपानदेवांनी जपली, म्हणूनच त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने मराठीला मिळाली. ताराबाईंच्या पुस्तकाची कहाणी याच्या उलट आहे. आवाज उठला होता, पण त्याला सांभाळणारे हात उशिरा मिळाले.

ग्रंथालयाचे काम सांभाळण्याचे. आता त्यात थोडी भर घालावी. घरोघरच्या ट्रंकांत पडून असलेल्या आज्यांच्या वह्या, पत्रे, ओव्या मागवून त्यांची नोंद व्हावी, आणि ती नोंद करताना ‘अमक्यांच्या पत्नी’ एवढ्यावर न थांबता त्यांचे स्वतःचे नाव लिहिले जावे. आणि या सभागृहात व्याख्यान संपल्यावर प्रश्नांसाठी जी दोन मिनिटे असतात, त्यांतले पहिले मिनिट मागच्या रांगेसाठी राखून ठेवावे. सुरुवातीला ते शांततेत जाईल. जाऊ द्यावे.