दुर्मिळ रुपया : पारख आणि जतन

(ग्रामपंचायत सदस्य व प्राथमिक शिक्षक यांच्या शिबिरात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेले व्याख्यान)



पाणीपुरवठा, साक्षरता व आरोग्य अशा विषयांच्या रांगेत जुन्या चांदीच्या रुपयाचे काय प्रयोजन, असा प्रश्न आपणांस पडला असेल. त्याचे उत्तर एका प्रसंगात आहे. काही वर्षांपूर्वी एका गावी जुन्या वाड्याची भिंत उतरविताना मजुरांना तांब्याचा गडवा सापडला. त्यात राणीछाप आणि राजाछाप रुपये होते. तिसऱ्या दिवशी मी तेथे पोहोचलो, तोवर रुपयांची वाटणी झाली होती आणि बहुतेक रुपये सोनाराच्या मुशीत गेले होते. उरलेले चार रुपये चिंच आणि राख लावून लखलखीत घासून मोठ्या आदराने माझ्या हाती देण्यात आले. त्या गडव्यात कोणत्या सालाचे किती रुपये होते, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. माहिती नव्हती, इतकेच.

१८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सर्व मुलखात एकाच प्रकारचा रुपया सुरू केला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. आपला जुना तोळा तो हाच. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. हे वजन व हा कस शंभर वर्षांहून अधिक काळ कायम राहिला. 'बंदा रुपया' या शब्दांना आपल्या भाषेत जे वजन आले, त्यामागे असे खणखणीत नाणे आहे.

जुना रुपया म्हणजे दुर्मिळ रुपया, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, मुंबई व कलकत्ता या दोन टांकसाळींतून मिळून सुमारे ४१ कोटी रुपये पाडण्यात आले. ते आजही घरोघरी आढळतात. त्यानंतर चारच वर्षांनी, १९२२ साली, केवळ मुंबईत सुमारे २० लाख रुपये पाडले गेले. दोन्हींवर चेहरा तोच, चांदीही तितकीच. मात्र १९२२ चा रुपया संग्राहकाला वर्षानुवर्षे शोधावा लागतो.

किती नाणी पाडली, यापेक्षाही किती उरली, याला अधिक महत्त्व आहे. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील पदकमालेत एक लहानसा हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुकरासारखा दिसला आणि नाराजी पसरली. सुमारे ९४ लाखांपैकी सुमारे ७ लाखच नाणी बाहेर पडली होती. बाकीची वितळविण्यात आली. १९१२ पासून हत्तीची आकृती सुधारण्यात आली. १९३९ च्या रुपयाचे भाग्य याहून विचित्र. दुसरे महायुद्ध सुरू झाले, चांदीची टंचाई भासू लागली आणि १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली. जुन्या कसाचे रुपये १९४१ पासून क्रमाक्रमाने चलनातून काढून घेण्यात आले. या उलथापालथीत १९३९ चा जुन्या कसाचा रुपया फारच थोडा शिल्लक राहिला.

अशा नाण्याचे मोल ठरते ते त्याच्या प्रतीवरून. प्रत पाहताना नाण्याचा सर्वांत उंच भाग प्रथम पाहावा, कारण झीज तेथे आधी होते. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुटातील रत्ने, भुवई, कान आणि झग्यावरील हत्ती भिंगाखाली न्याहाळावा. आकृतीची बाह्यरेषा स्पष्ट, पण आतील बारकावे बरेच झिजलेले असतील, तर ती 'फाइन' प्रत. बहुतेक बारकावे शाबूत असतील तर 'व्हेरी फाइन'. केवळ उंच ठिकाणी किंचित घासण असेल तर 'एक्स्ट्रिमली फाइन'. झीज मुळीच नसेल आणि टांकसाळीची मूळ झळाळी टिकून असेल, तर 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे न वापरलेले नाणे. मागील बाजूस तळाच्या कमळाखाली बारीक टिंब असेल तर या राजाचा रुपया मुंबईचा. टिंब नसेल तर कलकत्त्याचा.

लक्ष्मीपूजनाचा रुपया घासून उजळण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पूजेच्या रुपयाबाबत माझे काही म्हणणे नाही. परंतु सालाची खात्री केल्याखेरीज कोणताही जुना रुपया घासू नये. शंभर वर्षांत चांदीवर चढलेली काळसर छटा हे नाण्याचे कवच आहे. ते एकदा उतरविले की बारीक ओरखडे कायमचे राहतात आणि प्रत घसरते. माळेसाठी पाडलेले भोक किंवा डाक लावून बसविलेली कडी यांचाही परिणाम तोच. नाणे कडेने धरावे आणि कोरड्या जागी स्वतंत्र ठेवावे.

खोट्या नाण्यांविषयीही सावध असावे. १९३८ च्या रुपयावरील आठाचा आकडा कोरून नऊ केल्याचे प्रकार आढळतात. भिंगाने आकड्याभोवतीची जमीन पाहावी, वजन करावे आणि जाणकाराचे मत घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत.

आता कायद्याविषयी. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत अथवा जमिनीला जोडलेल्या वास्तूत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविले पाहिजे. लपविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि त्याचा हिस्साही जातो. कळविल्यास सारे सरकारजमा होते, ही भीती अनाठायी आहे. मूळ मालक न आढळल्यास कायद्याने शोधणाऱ्याचा हक्क मानला आहे. जागामालकाने हक्क सांगितला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर शोधणाऱ्यास तीन-चतुर्थांश व जागामालकास एक-चतुर्थांश भाग मिळतो. शासनाने निधी घेतल्यास धातूची किंमत आणि तिचा एक-पंचमांश अधिक द्यावा लागतो. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगीरीत्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत.

नाशिकजवळ आंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था १९८० मध्ये स्थापन झाली. तिच्यासारख्या संस्थांतील अभ्यासकाला एका नाण्यापेक्षा अखंड गडवा अधिक बोलका वाटतो. तो कोणी, कोणत्या काळात, कशाच्या धास्तीने पुरला असावा, याचा अंदाज त्यातील सालांच्या यादीवरून बांधता येतो. म्हणून माझी विनंती एवढीच : शिक्षकांनी वर्गात एक जुना रुपया दाखवून त्यावरील साल मुलांना वाचावयास लावावे. पंचायतीच्या सदस्यांनी, गावात असे काही सापडल्यास, प्रथम त्याची मोजदाद करून सालवार नोंद करावी आणि त्याच दिवशी तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. सोनाराची मूस एका घटकेत तापते. तिच्यात गेलेले साल मात्र पुन्हा वाचता येत नाही.