हवेचे जुने दप्तर

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी कडे डोळ्यांपुढे उभे राहतात. तेथून जवळच, नर्मदेच्याच तीरावर, लमेटाघाट आहे. प्रवासी तिकडे क्वचितच वळतात. भूशास्त्रज्ञांना मात्र ओढ आहे ती या घाटाची, आणि त्याच्यावरून नाव पडलेल्या लमेटा थरांची. १८२८ साली कॅप्टन स्लीमन यांना जबलपुरात प्रचंड हाडे सापडली, ती याच थरांतली. 'डायनोसॉर' हा शब्दही तेव्हा जन्माला यावयाचा होता!

हाडांचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु त्याच थरांतील चुनखडीचे खडे त्यांहून दुर्मीळ वार्ता सांगतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ज्या लाव्ह्यापासून पुढे सह्याद्री घडला तो या मुलखावर पसरण्याच्या सुमारास, येथे उष्ण, निमकोरडे मैदान होते. पाऊस सरून माती सुकू लागली की तिच्यात चुन्याचे खडे धरत. मातीच्या पोकळ्यांत कार्बन डायऑक्साइड वायू दोन वाटांनी येतो: वनस्पतींच्या मुळांकडून आणि बाहेरच्या हवेतून. मुळांकडून येणाऱ्या वायूतील कर्ब किंचित हलका, हवेतील किंचित जड. खडा धरताना दोहोंचे मिश्रण त्यात उतरते. अर्थात हवेत हा वायू जितका अधिक, तितका खड्यातील कर्ब जड. अँड्र्यूज, टंडन आणि डेनिस यांनी १९९५ साली या खड्यांवरून हिशेब मांडला, तो दर दहा लक्ष भागांत सुमारे ८०० ते १२०० भागांचा.

हा पुरावा परिस्थितिजन्य आहे, हे विसरता कामा नये. त्या मातीत मुळे किती वायू सोडीत असतील, याचा अंदाज थोडा बदलला की आकडा शेकड्यांनी हलतो. ध्रुवीय बर्फाची साक्ष याहून थेट. अंटार्क्टिकावर हिमाचे थरावर थर दडपत जातात, आणि मधली हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. प्रयोगशाळेत बर्फ फोडला की प्रत्यक्ष ती प्राचीन हवाच हाती येते. शिवाय बर्फाच्या पाण्यातील समस्थानिकांवरून त्या काळचे तापमानही कळते. व्होस्टोक येथील बर्फाने चार लक्ष वीस हजार वर्षांचा, तर डोम सी येथील बर्फाने आठ लक्ष वर्षांचा वृत्तांत दिला. एवढ्या दीर्घ काळात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण साधारणपणे १८० आणि ३०० यांच्या दरम्यान राहिले. आज ते ४२० च्या वर आहे.

म्हणजे आजची हवा त्या बर्फाच्या दप्तरात बसत नाही. मागे जावे, तर ज्या काळी पृथ्वी अतिशय उष्ण होती, त्या काळचा बर्फ साक्षीला उरणार कसा? तेथे भट्टीत चुना भाजण्यापलीकडे ज्यांचा कोणी विचार केला नसता, अशा खड्यांनाच विचारावे लागते. मात्र खडा काढणाऱ्याने प्रथम पाहावयाचे ते हे की, तो त्या प्राचीन मातीच्या पृष्ठभागाखाली किती खोल धरला होता. कारण वरवरच्या खड्यात बाहेरच्या हवेचा अंश फाजील उतरतो, आणि सारा हिशेब फुगतो.