काळ्या शाईतला सौदा

फेलिक्स व्हालोतों या स्विस चित्रकाराचं ‘पैसा’ हे काष्ठमुद्राचित्र १८९८ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालं. पांढऱ्या वेशातली स्त्री बाहेर पाहते आहे. तिला काही पटवणारा पुरुष मात्र काळ्या रंगात मिसळून गेला आहे. निम्म्याहून अधिक चित्र निखळ काळं आहे. लाकूड जिथे कोरलेलं नसतं तिथेच शाई उमटते. म्हणजे हा अंधार चित्रकाराने मुद्दाम राखला आहे. चित्रात एकही नाणं दिसत नाही, तरी शीर्षक सौदा सुचवतं. आणि पैशाचं म्हणाल तर, त्या काळी फ्रान्समध्ये विवाहितेच्या स्वतःच्या कमाईवरही कायद्याने पतीचा ताबा असे. आपली मजुरी स्वतः खर्च करण्याचा हक्क तिला १९०७ मध्ये मिळाला. म्हणूनच या चित्रातला काळा रंग पुरुषाच्या सत्तेचा आहे. जुनं मुद्राचित्र पाहताना त्या काळचे कायदेही जरूर वाचा.